विषम मात्रांची गोडी



यंदाच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका ठरवताना एका मागणीवरून बरीच चर्चा झाली. अकरावीच्या काही मुलांनी दोन गिटार, एक कीबोर्ड, ड्रम आणि तबला घेऊन सात मात्रांचे एक इंग्रजी रॉक गाणे वाजवण्याची परवानगी मागितली आहे. काहींना तो धांगडधिंगा वाटला, तर मराठी शाळेच्या रंगमंचावर हे शोभणार नाही असे काहींचे म्हणणे पडले. त्याच सुमारास नववीचा संगीताचा तास गणिताच्या जादा तासाला द्यावा, अशीही सूचना पुढे आली. दोन्ही गोष्टींचा निर्णय अजून व्हायचा आहे. शाळेच्या संगीत विभागाला हातभार लावणारे आम्ही काही माजी विद्यार्थी व पालक आहोत. आमचे मत स्पष्ट आहे. त्या मुलांना वाजवू द्यावे आणि संगीताचा तास काढू नये. असे का वाटते, ते थोडे सविस्तर सांगतो.

आपल्या कानावर रोज पडणारी बहुतेक गाणी केरवा नाहीतर दादरा या ठेक्यांतली, म्हणजे आठ किंवा सहा मात्रांची असतात. नवरात्रात आपल्या वडोदऱ्यात लहान मूलही गरब्याची टाळी न शिकवता देते, कारण ती मोजणी आधीपासून अंगात भिनलेली असते. पाश्चात्त्य संगीतातही बहुतेक लोकप्रिय गाणी चार मात्रांची असतात. त्यांच्या लिपीत गाण्याच्या आरंभी एकावर एक असे दोन आकडे लिहितात. वरचा आकडा एका आवर्तनात किती मात्रा ते सांगतो आणि खालचा आकडा ती मात्रा केवढ्या लांबीची ते सांगतो. ४/४ हा त्यांचा राजमार्ग. ५/४, ७/४, ९/८ अशा आडवाटांनाही संगीत जाते आणि त्या वाटांची गंमत वेगळीच असते.

ही गंमत कळायला मोठे ज्ञान लागत नाही. ‘मिशन इम्पॉसिबल’ची धून आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर आहे. लालो शिफ्रिन यांनी ती १९६६ साली अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेसाठी बांधली, तीही ५/४ मध्ये. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले तर एका आवर्तनात दहा भाग होतात, आणि धून ते दहा भाग ३, ३, २, २ असे वाटते. टेबलावर बोटांनी वाजवून पाहा. दोन लांब पावले, दोन आखूड पावले आणि पुन्हा आरंभ. कोणीतरी मागे लागले आहे आणि पाऊल कुठेच स्थिर पडत नाही, असा भास त्या वाटणीतूनच होतो. १९९६ साली याच नावाच्या चित्रपटासाठी दोन आयरिश वादकांनी हीच धून नाचायला सोयीची व्हावी म्हणून चार मात्रांत बसवली. तीही खूप गाजली. दोन्ही लागोपाठ ऐका. धून ओळखू येते, पण ती धावपळ थोडी निवांत झालेली जाणवते. मात्रा बदलली की गाण्याचा स्वभाव बदलतो, हे समजण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

रॉक संगीतात अशा मात्रांचा मोठ्या हौसेने वापर झाला तो इंग्लंडमध्ये, १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड अशा वाद्यवृंदांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट सोडली आणि लांब पल्ल्याच्या रचना केल्या. या प्रकाराला पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असे नाव पडले. विषम मात्रा त्यांनी काही शून्यातून काढल्या नाहीत. युरोपच्या अभिजात संगीतात त्या होत्या, पूर्व युरोपच्या आणि तुर्कस्तानच्या लोकसंगीतात होत्या, जॅझमध्येही आल्या होत्या. जॅझचे पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८ साली दौऱ्यावर असताना इस्तंबूलमध्ये रस्त्यावरच्या वादकांकडून त्यांनी २, २, २, ३ अशी नऊ मात्रांची चाल ऐकली आणि तिच्यावरून ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ ही रचना केली. त्याच दौऱ्यात ते भारतातही आले होते. १९५९ सालच्या त्यांच्या ‘टाइम आउट’ या ध्वनिमुद्रिकेवर ती रचना आहे, आणि पॉल डेझमंड यांची पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ही आहे. दहाच वर्षांनी, १९६९ साली, जेथ्रो टलचे ‘लिव्हिंग इन द पास्ट’ हे पाच मात्रांचे गाणे इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरच्या क्रमांकांवर पोहोचले. सामान्य श्रोत्याला चारापलीकडचे पचत नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

आता पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ हे गाणे घेऊ. १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. गाण्याच्या आरंभी नाण्यांचा खणखणाट, फाटणारा कागद, दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राचा आवाज असे सात आवाज एकामागून एक फिरत राहतात. त्या काळी संगणक नव्हता. ध्वनिफितीचे तुकडे पट्टीने मोजून, कापून आणि चिकटवून त्यांनी त्याची गोल फीत केली आणि ती यंत्रावर फिरवली. सात आवाज म्हणजे सात मात्रा. त्यावर बास गिटारची सुरावट येते, तीही सातांची. पुढे सॅक्सोफोनचे वादन सातांतच होते. मग डेव्हिड गिलमोर यांची गिटार सुरू होते आणि त्याच क्षणी गाणे चार मात्रांत जाते. अरुंद बोळातून गाडी एकदम मोठ्या रस्त्याला लागावी, तसे वाटते. गिटार संपली की पुन्हा सात. आकडे ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही हा मोकळेपणा अंगावर जाणवतो. विषम मात्रेचा उपयोग कसा करावा, याचा हा उत्तम धडा आहे. सात आहेत म्हणून चार गोड लागतात आणि चार ऐकल्यावर सात नव्याने कळतात.

मुलांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तबल्याच्या साथीत गायकाला वाट दाखवतो तो ठेका. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ हे बोल कानी पडले की रूपकात आपण कुठे आहोत ते लगेच समजते. रॉकमध्ये असे ठरीव बोल नाहीत. तेथे हे काम बास किंवा गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट करते. तिला ते ‘रिफ’ म्हणतात. तेव्हा असे गाणे ऐकताना आकडे मोजायला बसू नका. आधी ती सुरावट गुणगुणा. ती तोंडात बसली की सम आपोआप सापडते आणि मोजायचे असेल तर मग मोजता येते. पाढा पाठ असलेला मुलगा बोटे मोजत नाही, तसेच हे.

मोजणी कळूनही न कळल्यासारखी राहावी, याचे सुंदर उदाहरण म्हणजे पीटर गॅब्रिएल यांचे ‘सॉल्सबरी हिल’. १९७५ साली त्यांनी जेनेसिस हा वाद्यवृंद सोडला आणि १९७७ साली हे गाणे आले. जवळजवळ सगळे गाणे सात मात्रांचे आहे. ठेक्यात अडखळ म्हणून नाही. कोणी टेकडी चढत आहे आणि प्रत्येक फेरीला अर्धे पाऊल लवकर पडत आहे, असे ते पुढे जात राहते. कितीतरी लोक हे गाणे वर्षानुवर्षे आवडीने ऐकतात आणि ते सातांचे आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही. आमच्या मते विषम मात्रेचे याहून मोठे यश नाही.

माइक ओल्डफील्ड यांच्या ‘ट्युब्युलर बेल्स’चा आरंभही असाच ऐकण्यासारखा आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी या मुलाने बहुतेक सगळी वाद्ये स्वतः वाजवून ही ध्वनिमुद्रिका तयार केली आणि १९७३ साली ती प्रसिद्ध झाली. पियानोची सुरुवातीची सुरावट सात आणि आठ मिळून पंधरा भागांची आहे. कान सोळांची वाट पाहतो आणि एक भाग कमी पडतो. म्हणून ती सुरावट कधी टेकत नाही, सतत पुढे ओढत राहते. त्याच वर्षीच्या एका भयपटात ती वापरली गेली, ती काही उगाच नाही.

कॅनडाच्या रश या त्रिकुटाची ‘वाय वाय झेड’ ही १९८१ सालची रचना तर वर्गातच करून पाहण्याजोगी आहे. टोरांटोच्या विमानतळाची ही तीन अक्षरी खूण. मोर्स संकेतात ‘वाय’ म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. ‘झेड’ म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. लांब खुणेला दोन आणि आखूड खुणेला एक असा भाग द्या. ‘वाय’चे सात, पुन्हा ‘वाय’चे सात आणि ‘झेड’चे सहा, एकूण वीस. रचनेच्या आरंभीचा ठेका नेमका हाच आहे. ड्रमवादक नील पर्ट आणि त्यांच्या साथीदारांनी विमानतळाची खूणच आवर्तनात बसवली. सातवीच्या मुलांनीही बाकावर पेन्सिलीने हा ठेका धरून पाहावा.

त्याच वर्षीच्या किंग क्रिमसनच्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये दोन गिटार प्रथम हातात हात घालून चालतात. मग एक गिटार चौदा स्वरांची फेरी घेत राहते आणि दुसरी एक स्वर गाळून तेरांची. प्रत्येक फेरीला त्या एकमेकींपासून एक स्वराने सरकतात. अशा दोन फेऱ्यांची सम पुन्हा जुळायला १८२ स्वर लागतात. गणिताच्या शिक्षकांना हे सांगायला नको, कारण १३ आणि १४ यांचा तो लसावि आहे. तिहाई बांधताना आपला तबलजी याच जातीचा हिशेब मनात करतो.

येथे आपल्या शाळेचा प्रश्न येतो. विषम मात्रा ही आपल्याला परकी गोष्ट नाही. रूपकाच्या सात मात्रा ३, २, २ अशा आहेत. झपतालाच्या दहा मात्रा २, ३, २, ३ अशा. धमाराच्या चौदा तर ५, २, ३, ४ अशा सर्वस्वी असमान वाटलेल्या. ज्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांची संगीतशाळा सुरू झाली आणि जेथे दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांची होरी-धमाराची गायकी लोकांनी प्रत्यक्ष ऐकली, त्या शहरातल्या मुलाला सात मात्रांचे भय वाटू नये. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, तबला शिकणाऱ्या मुलाला ‘मनी’ची सम दोन फेऱ्यांत सापडते, तर नुसती गिटार शिकणारा बराच वेळ चाचपडतो. अकरावीच्या त्या मुलांनी आपल्या वाद्यमेळात तबला घेतला आहे, तो शोभेसाठी नाही.

दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तालाला खाली-भरी आहे. रूपकाची तर समच खाली आहे. रॉकमध्ये पहिली मात्रा बहुधा ठणठणीत पडते. आपला ताल एकदा धरला की तो शेवटपर्यंत सांभाळायचा, त्याच्या आतच गायकाने आणि वादकाने खेळायचे. या वाद्यवृंदांनी एकाच रचनेत सातावरून चारावर, चारावरून नऊवर उड्या मारल्या. म्हणून तबलजी मुलालाही तेथे नवे शिकावे लागते आणि गिटारवाल्यालाही. अशी भेट मोठ्या कलावंतांनीही घडवली आहे. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७०च्या दशकात उस्ताद झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद उभा केला. त्या परंपरेतल्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेला २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षाअखेर झाकीरभाई आपल्यातून गेले. आपल्या मुलांनी त्यांची आठवण हार घालून ठेवण्यापेक्षा एक आवर्तन नीट वाजवून ठेवावी.

विरोधी बाजूचे म्हणणेही आम्ही ऐकले आहे आणि त्यात तथ्य आहे. या संगीताचा अतिरेकही झाला. गाण्याची गरज नसताना मात्रा बदलायच्या, वाजवणाऱ्याचे कौशल्य दिसावे म्हणून वीस वीस मिनिटे लांबवायचे, असे प्रकार घडले. १९७६-७७च्या सुमारास इंग्लंडमध्येच पंक संगीताची तरुण मुले याविरुद्ध उभी राहिली. तीन सूर, चार मात्रा आणि मनातला राग एवढ्यावर त्यांनी गाणी केली, आणि त्यांतली काही फार चांगली आहेत. चार मात्रा म्हणजे कमी प्रतीचे संगीत, असे कोणी समजू नये. आपल्या कितीतरी आवडत्या अभंगांना आणि भावगीतांना साधा ठेकाच शोभतो. ‘आमचे गाणे तेरांत आहे, तुमचे नुसते चारांत’ अशी फुशारकी मुले मारू लागली, तर आम्ही स्वतः त्यांचा कान धरू. कसोटी एकच आहे. ती जास्तीची किंवा कमी पडलेली मात्रा गाण्याला काही देते की नाही? ‘मनी’मध्ये देते, ‘सॉल्सबरी हिल’मध्ये देते. देत नसेल तेथे ती काढून टाकावी. ही पारख शिकवणे हेच संगीताच्या तासाचे काम आहे.

काही पालक विचारतात, की या सगळ्याचा परीक्षेत उपयोग काय? संगीत ऐकल्याने गणिताचे गुण वाढतात, असले आश्वासन आम्ही देणार नाही. संगीताला गणिताची शिफारस लागू नये. पण एक गोष्ट आम्ही तालमीत दर आठवड्याला पाहतो. सात मात्रांचे गाणे पाच जणांनी मिळून वाजवायचे तर प्रत्येकाला बाकीच्या चौघांचे ऐकावे लागते. चार मात्रांत एखादा आपल्याच तंद्रीत वाजवत राहिला तरी निभावते. सातांत निभावत नाही, पुढच्याच समेला तो उघडा पडतो. मग मुले थांबतात, हसतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात. कोण चुकले यावर भांडत नाहीत, कुठे चुकले ते शोधतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकायला लावणारे याहून चांगले साधन निदान आम्हांला माहीत नाही. नववीचा तो एक तास गेला, तर दोन वर्षांनी अकरावीत अशी मुले कोठून येणार?

मराठी शाळेच्या रंगमंचावर इंग्रजी गाणे कशाला, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्राबाहेर राहून आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपली, ती खिडक्या बंद करून नव्हे. घरी मराठी, बाजारात गुजराती, वर्गात हिंदी आणि इंग्रजी असे आपले मूल लहानपणापासून चार भाषांत वावरते आणि तरी आईशी मराठीतच बोलते. कानाचेही तसेच आहे. ज्याला रूपक येतो तो ‘मनी’ ऐकून रूपक विसरत नाही. उलट आपल्याकडे काय आहे ते त्याला अधिक नीट कळते. संमेलनात नांदी होईल, अभंग होईल, गरबाही होईल. त्यात सात मिनिटे सात मात्रांना मिळाली, तर मराठीला काही कमी पडणार नाही.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. विश्वस्त मंडळाने नववीचा संगीताचा तास आहे तसा ठेवावा. संगीत शिक्षकांनी पंधरा दिवसांतून एकदा त्या तासाला फक्त ऐकण्याचा पाठ घ्यावा. एका वेळी एकच रचना, आधी न सांगता ऐकवावी, मग टाळी धरून, मग तिच्या जोडीला आपल्याकडचा त्याच मात्रांचा एक ताल. आणि अकरावीच्या मुलांना कार्यक्रमपत्रिकेवर जागा द्यावी, अट एवढीच की, वाजवण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाने श्रोत्यांना सात मात्रांची टाळी धरायला शिकवावी.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी हेडफोन लावून बसली आणि बोटे टेबलावर विचित्र ठेका धरू लागली, तर रागावण्याआधी विचारा, ‘किती मात्रांचे आहे रे?’ उत्तर आले तर बसून सोबत ऐका. संमेलनाच्या दिवशी आपली टाळी चुकली तरी हरकत नाही. सातव्या मात्रेनंतर पुन्हा एक येतोच, तेथे सर्वांनी मिळून धरू.